कोठडीतल्या माणसाची नादारी

प्रति,
मा. प्रधान सचिव,
विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : कारागृहातील व्यक्तींनी दाखल करावयाच्या दिवाणी दाव्यांवरील कोर्ट फीबाबत

महोदय,

सातारा जिल्ह्यातल्या निरनिराळ्या दिवाणी कोर्टांत मी एकतीस वर्षं कारकुनी केली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात रेकॉर्ड रूम सांभाळली, नाझराचं काम पाहिलं आणि बरीच वर्षं फाइलिंगच्या टेबलावर काढली. वकील न्यायाधीशांपेक्षा फाइलिंगच्या लाल शाईला जास्त भितात, असं आमच्यात गमतीनं म्हणायचे. त्याच टेबलावर माझ्या हातून झालेली एक गोष्ट आधी सांगतो. मागणी त्यानंतर करतो.

कोर्टाचं नाव लिहीत नाही, सालही नाही. तालुक्याचं ठिकाण होतं. एका सोमवारच्या टपालात जाड खाकी पाकीट आलं. आत फुलस्केपची चार पानं, पट्टीनं समास आखून निळ्या बॉलपेननं लिहिलेली. प्रत्येक पानाखाली जेलचा गोल शिक्का. लिहिणारा न्यायाधीन बंदी होता, म्हणजे त्याच्यावरचा खटला अजून चालायचाच होता. अटकेच्या आधी त्यानं गावातल्या एकाला पावणेतीन लाख रुपये हातउसने दिले होते. स्टॅम्पवर लिहून घेतलं होतं, दोन साक्षीदार होते. हा आत गेला म्हटल्यावर घेणाऱ्यानं हात वर केले.

अर्ज वकिलानं लिहिलेला नव्हता. पण बराकीत कोणीतरी जाणता असावा, कारण मथळ्याला ‘आदेश ३३ नियम १ व २ अन्वये’ असं, म्हणजे कोर्ट फी भरायची ऐपत नाही, ती आधी न भरता दावा चालवू द्या असं, बरोबर लिहिलेलं होतं आणि मिळकतीचं परिशिष्टही जोडलेलं होतं. पत्र्याच्या दोन खोल्या. एक म्हैस, सध्या बहिणीकडे. जेलमधल्या खात्यावर चारशे बारा रुपये.

मी नियम काढला. आदेश ३३, नियम ३ : असा अर्ज अर्जदारानं स्वतः कोर्टात येऊन द्यायचा. कोर्टात हजर राहण्यापासून ज्याला सूट आहे, त्याच्यापुरता तो अधिकृत प्रतिनिधीमार्फत चालतो. हा माणूस टपालानं अर्ज पाठवत होता आणि त्याला सूट मिळाल्याचा कागद नव्हता. मी शेरा लिहिला, ‘अर्ज समक्ष सादर नाही. सबब परत करण्यात यावा.’ साहेबांची सही झाली. पाकीट जावकला टाकलं.

पुढे कोणीतरी वकील मिळाला, तो वकीलपत्र घेऊन आला तेव्हा तीन वर्षांची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. मुदत कायद्याच्या कलम ५ खाली उशीर माफ होतो, पण तो अपिलाला आणि अर्जाला. मूळ दाव्याला ते कलम लागत नाही. हे वकिलाला माहीत होतं आणि मलाही.

काही दिवसांनी त्याची बायको आली. औषधाच्या दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत रेशन कार्ड आणि तो मूळ स्टॅम्प, घडी घालून घालून मधोमध फाटायला आलेला. तिनं तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, “म्हंजी पैसं बुडालं का ओ सायेब?” मी म्हणालो, “वकिलांना विचारा.”

नियमानं मी बरोबर होतो. आजही कोणी ती फाइल काढली तर माझ्या शेऱ्यात चूक सापडणार नाही. म्हणून तर हे पत्र मी कोर्टाला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

आमच्या पिढीला शाळेतली नादारी ठाऊक आहे. मी रयतच्या शाळेत नादारीवर शिकलो. नादारी मिळवायची तर तलाठ्याचा दाखला आणायचा, हेडमास्तरांपुढे उभं राहायचं, ते वरून खालपर्यंत बघायचे आणि सही करायचे. लाज वाटायची, पण फी खरोखरच जायची. दिवाणी कायद्यातही नादारी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याला ‘पॉपर’चा दावा म्हणत. १९७६ च्या दुरुस्तीनं शब्द बदलला, आता ‘निर्धन व्यक्ती’ म्हणतात. कचेरीत अजून सगळे पॉपरच म्हणतात. शब्द बदलला तरी हेडमास्तरांपुढे उभं राहणं काही सुटलं नाही, आणि आत असलेल्या माणसाची अडचण नेमकी तीच आहे. तो गरीब आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी त्याला उभंच राहता येत नाही.

बाहेरच्या गरिबाला काय करावं लागतं ते बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायचा, त्यासाठी आधी तलाठ्याकडे जायचं (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण भेटतात पूर्वीसारखेच, म्हणजे दुसऱ्या गावी गेलेले असतात). सातबारा, आठ-अ, घरपट्टीचा उतारा. मग प्रतिज्ञापत्र. मग कोर्टाचा मुख्य कारकुनी अधिकारी ऐपतीची चौकशी करतो. त्यानंतर विरुद्ध बाजूला आणि सरकारी वकिलांना किमान दहा दिवसांची नोटीस, कारण अर्जदार खोटं बोलतो आहे असं त्यांना दाखवायचं असेल तर तशी संधी हवी. बाहेरच्या माणसाचे यात सहा महिने सहज जातात. आतल्या माणसाचं आधार कार्ड कधी जप्तीच्या मुद्देमालात असतं, कधी घरी. दाखला कोण काढणार? बायको मजुरीला जाते. भाऊ असेल तर पुष्कळदा दावा त्या भावाविरुद्धच असतो.

आणि त्याला कोर्टात आणायचं म्हटलं तर? सातारा आणि सांगली, दोन्हीकडे जिल्हा कारागृह आहे, पण शिक्षा लागलेला आमच्याकडचा माणूस बहुधा कळंब्याला नाहीतर येरवड्याला असतो. संहितेच्या आदेश १६-अ मध्ये बंदीला साक्षीसाठी दिवाणी कोर्टात आणण्याची सोय आहे. तिथे दोन अटी आहेत. तुरुंग कोर्टापासून २५ किलोमीटरपेक्षा लांब असेल तर कमिशनवर, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या माणसाकरवी तिथेच, जबाब नोंदवून भागणार नाही अशी कोर्टाची खात्री झाल्याशिवाय आणण्याचा हुकूम करता येत नाही. कळंबा ते सातारा शंभराहून जास्त किलोमीटर. दुसरी अट वाचताना मी पूर्वी हसायचो : ज्याच्यासाठी त्याला आणायचं, त्या पक्षकाराला पोलीस गार्डच्या प्रवासाचा आणि इतर खर्च कोर्ट आधी भरायला लावू शकतं. म्हणजे माझ्याकडे पैसे नाहीत हे शपथेवर सांगायला येण्यासाठी गार्डचं भाडं भरा. बरं, भरलंच तरी फौजदारी तारखांनासुद्धा ‘गार्ड उपलब्ध नसल्याने बंदीस हजर करता आले नाही’ हे पत्र किती वेळा येतं ते आपल्या विभागाला मी सांगायला नको. रिमांडला व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आता अंगवळणी पडलं आहे. पॉपरच्या अर्जासाठी त्या पडद्यावर कोणाला बोलावलेलं मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिलं नाही.

आता याच इमारतीतला दुसरा दरवाजा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेली व्यक्ती मोफत विधी सेवेला पात्र आहे. तिचं उत्पन्न विचारायचं नाही. कोठडीत आहे एवढंच पुरे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत विधी सेवेच्या यादीत वकिलाबरोबर कोर्ट फी आणि समन्सचा खर्चसुद्धा आहे. म्हणजे एका दारात ‘कोठडीत आहेस? ये बस’ आणि व्हरांडा ओलांडून दुसऱ्या दारात ‘कोठडीत आहेस? मग स्वतः येऊन सांग.’ दोन्ही कायदे संसदेचेच. मी ज्या कार्यालयांत कामं केली तिथे बंदीला मोफत वकील मिळायचा तो त्याच्या फौजदारी खटल्यापुरता. दिवाणीचा विषय निघाला की ‘कोर्ट फीचं बघा मग सांगा’ असं उत्तर यायचं, आणि कोर्ट फीचं बघायला परत आदेश ३३.

एक गोष्ट इथे स्वच्छ करायला हवी, कारण ‘कैद्यांना फी माफी’ म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ही माफी नाही. माफी हा शब्द आपण सवयीनं वापरतो. निर्धन वादी जिंकला तर नियम १० प्रमाणे सरकार आपली फी वसूल करतं, आणि दाव्यात मिळालेल्या रकमेवर पहिला बोजा सरकारचा असतो. हरला तर नियम ११ प्रमाणे त्यानंच भरायची. हुकूमनाम्याची नक्कल लगेच जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. ही नुसती उधारी आहे. वाण्याकडे वहीवर लिहून घेतात तशी. शाळेतली नादारी याच्यापेक्षा उदार होती.

कैदी खोटेनाटे दावे लावून कोर्टं भरून टाकतील, ही भीती माझ्याच ओळखीच्या एका तरुण वकिलानं घातली. तो अमेरिकेचं उदाहरण देतो. तिथे १९९६ मध्ये संघराज्याच्या कोर्टांपुरता कायदा झाला : कैदी गरीब असला तरी दाखल फी (आता ३५० डॉलर) पुरी भरायची, फक्त हप्त्यानं. तुरुंगातल्या खात्यावर महिन्याला जे जमा होईल त्याचा पाचवा हिस्सा कापत राहायचं. आणि तीन दावे फालतू म्हणून फेटाळले गेले की, अंगावर बेतलेला धोका सोडून, ही हप्त्याची सवलतही बंद. कायदा कडक आहे यात शंका नाही, आणि मला तो आवडत नाही. पण आमच्या वकीलसाहेबांनी त्याच कायद्यातलं एक वाक्य वाचलेलं नसावं. खात्यावर काहीच नाही म्हणून कैद्याला दावा लावण्यापासून अडवायचं नाही, असंही तिथे लिहिलेलं आहे. दावा आधी आत येतो, पैशाचं मग बघतात. आपल्याकडे पैशाचं ठरेपर्यंत दाव्याला नंबरच पडत नाही. शिवाय फालतू दाव्याची चाळणी आपल्या नियम ५ मध्ये आहेच : दाव्याला कारण दिसत नसेल तर अर्ज तिथेच फेटाळता येतो. एकतीस वर्षांत बंद्यांनी स्वतः लावलेले दिवाणी दावे मी हाताच्या बोटांवर मोजावेत इतके पाहिले. कोर्टं भरतात ती सरकारच्या स्वतःच्या अपिलांनी. हे आता निवृत्त असल्यामुळे लिहू शकतो.

‘आणि ज्याचं त्यानं वाटोळं केलं त्याचं काय?’ हा प्रश्न मात्र मला फालतू वाटत नाही. माझ्या बहिणीच्या घरी चोरी झाली तेव्हा मीही असंच बोललो होतो. उत्तर एवढंच देतो की देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० माणसं होती, त्यांतली ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे गुन्हा अजून शाबीत न झालेली. शिवाय त्यांचे दावे असतात कशाचे? घराच्या वाटणीचे, बुडालेल्या उसन्याचे, परस्पर केलेल्या खरेदीखताचे. त्यात नुकसान होतं ते बाहेर असलेल्या पोराबाळांचं. माणूस आत असताना त्याच्या मिळकतीवर हात मारणं सोपं असतं, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मुदतीच्या कायद्याला मात्र ते माहीत नाही. अज्ञान मुलाची मुदत तो थांबवतो, वेड्याची थांबवतो, कैद्याची थांबवत नाही.

कधी दावा खुद्द तुरुंगाविरुद्धही असतो. १९७७ मध्ये आंध्रातल्या कोइलकुंटला इथल्या दुय्यम कारागृहावर रात्री बॉम्ब टाकले गेले. आत असलेले वडील मेले, मुलगा जखमी झाला. जिवाला धोका आहे हे त्यांनी आधी सांगितलं होतं. भरपाईच्या दाव्यात सरकारनं सार्वभौमत्वाची, म्हणजे राज्याच्या सार्वभौम कामाबद्दल भरपाई मागता येत नाही ही, ढाल पुढे केली. सर्वोच्च न्यायालयानं ती मानली नाही, पण तो निकाल आला २००० साली. आमच्या मुंबईच्या तुरुंगातले स्थानबद्ध प्रभाकर पांडुरंग सांझगिरी यांचं प्रकरण त्याच्याही आधीचं. त्यांनी आत बसून अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकारनं हस्तलिखित बाहेर पाठवू दिलं नाही, आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारलाच चूक ठरवलं. मराठीत लिहिलेल्या अणूच्या पुस्तकासाठी राज्य सरकार दिल्लीपर्यंत भांडलं, याची मला अजून गंमत वाटते.

रामशास्त्री प्रभुणे आमच्या माहुलीचे, हे साताऱ्यातल्या प्रत्येक भाषणात येतं, म्हणून मी आणत नाही. पण तुरुंगाशी या भागाचं नातं जुनं आहे. सांगलीचा तुरुंग फोडून २४ जुलै १९४३ ला बाहेर पडलेले वसंतदादा पुढे याच राज्याचे मुख्यमंत्री झाले. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारानं गावोगाव तंटे मिटवले ते काही स्टॅम्प चिकटवून नव्हे. आणि औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली, जिथे बंदी भिंतीशिवाय शेती करतात आणि घरच्यांना बरोबर ठेवू शकतात. मी एकदा कामानिमित्त तिथे गेलो होतो. एक जण मोटर दुरुस्त करत बसला होता. मी कोर्टातला आहे हे कळल्यावर हात पुसत आला आणि पहिला प्रश्न विचारला, गावाकडच्या जमिनीला भावानं एकट्याचं नाव लावलं आहे, त्याला काय करता येईल? कुंपण नसलेल्या त्या तुरुंगातूनही त्याला तालुक्याच्या कोर्टात जाता येत नव्हतं.

आता मागणी. महाराष्ट्र कोर्ट फी कायद्याच्या, म्हणजे जुन्या १९५९ च्या मुंबई कायद्याच्या, कलम ४६ खाली फी कमी करण्याचा वा सोडण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. विधानसभेत जावं लागत नाही, राजपत्रात अधिसूचना पुरते. १ ऑक्टोबर १९९४ ला सरकारनं याच कलमाखाली पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी सोडली. तिच्या व्याप्तीवर पुढे वाद झाले, पण दाखल करून घ्यायच्या खिडकीवर तिचा उपयोग मी रोज पाहिला आहे. बाई आली, नोंद केली, नंबर पडला. ऐपतीची चौकशी नाही. इंग्रजांनीसुद्धा १८७० च्या कोर्ट फी कायद्याच्या कलम १९ मध्ये कैद्याच्या अर्जाला स्टॅम्प लावला नव्हता. पण तिथला शब्द अर्ज आहे, वादपत्र (ज्या कागदानं दावा सुरू होतो तो) नाही, आणि कचेरीत शब्दाला किंमत असते.

तशीच एक अधिसूचना कोठडीतल्या व्यक्तींसाठी काढावी. निदान दाखल करताना फी मागू नये. वसुली निकालानंतर, नियम १० आणि ११ मध्ये आहे तशीच राहू द्या, त्याला माझी हरकत नाही. ऐपतीचा पुरावा म्हणून कारागृह अधीक्षकांचं प्रमाणपत्र पुरेसं धरावं. त्यात प्रवेशाची तारीख आणि खात्यावरची शिल्लक यावी. ही माहिती त्यांच्या रजिस्टरला असतेच.

सादर करण्याचा नियम ३ आपल्या हातात नाही, तो उच्च न्यायालयाच्या हातात आहे. संहितेच्या कलम १२२ प्रमाणे ते नियम बदलू शकतात. आपल्या विभागानं तसा प्रस्ताव पाठवावा. नवीन काही शोधायचं नाही. फौजदारी अपील बंदी तुरुंगाधिकाऱ्याच्या हातात देतो आणि ते पुढे कोर्टात जातं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८३, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४२४. तेच शब्द दिवाणीला घ्यावेत आणि अधीक्षकांच्या शिक्क्याची तारीख हीच दाखल केल्याची तारीख धरावी. मुदत कायद्यात निर्धनाचा दावा अर्ज दिल्याच्या दिवशीच दाखल झाला असं मानतात. प्रश्न फक्त अर्ज ‘दिला’ कधी याचा आहे. माझ्या टेबलावर आलेल्या त्या चार पानांवर जेलचा शिक्का मुदतीच्या बावीस दिवस आधीचा होता.

अधिसूचनेचा आणि प्रमाणपत्राचा मसुदा मी तयार करून सोबत जोडला आहे. दोन्ही मिळून दीड पान होतात. भाषा कारकुनी आहे, ती आपल्याकडे सुधारून घ्यावी. प्रत सातारा आणि सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना माहितीसाठी पाठवतो आहे. वादपत्रात किंवा अर्जात चूक असल्यास ती दुरुस्त करून घेण्यासाठी आठवड्यातून दोन दिवस मी जेलमध्ये येऊन विनामोबदला बसायला तयार आहे, तशी परवानगी मिळाल्यास कळवावे.

आपला,
एक निवृत्त सहायक अधीक्षक,
सातारा